सध्याचा पत्ता

कराड
मंगळवार, १४ जानेवारी २०२५

शालनमावशी, नमस्कार.

फोनवर मी फक्त 'हं' आणि 'बरं' म्हणते, ही तुझी तक्रार खरी आहे. कागदावर लिहीन असं कबूल केलं होतं, म्हणून हे पत्र. सोबत तिळगूळ घातलेला नाही. पाकिटात त्याचा चुरा होतो आणि पोस्टात मुंग्या लागतात.

दवाखान्याच्या त्या लॅबमध्ये दिवसभर नेमकं करतेस काय, असं तू विचारलं होतंस. गेल्या आठवड्यातलं एकच काम सांगते. बुधवारी, आठ तारखेला, अडतीस वर्षांचा एक माणूस आणला होता. बीड जिल्ह्यातला. नाव लिहीत नाही. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, डोळे आत गेलेले. नमुना माझ्याकडे आला. नऊ तारखेला बशीवर जंतूंच्या पिवळ्या वसाहती उगवल्या, दहाला खात्री झाली. कॉलरा.

कायद्याने कळवायचे जे आजार आहेत त्यांत हा वरचा. तुला हे सांगायची गरज नाही. तू तीस वर्षं गावातून तेच कळवत आलीस. फरक एवढाच की तू लक्षणं कळवतेस आणि आम्ही पुरावा. अहवालावर सही झाल्यापासून पाऊण तासात मी सरकारी पोर्टलवर नोंद केली. नाव, वय, पत्ता, तपासणी, निकाल. एकही रकाना रिकामा नाही. बाकीच्या लॅब दोन-दोन दिवस लावतात. आमच्या लॅबप्रमुख धवल सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "नोंद कशी करायची ते सृष्टीकडून शिका."

माणूस वाचला. आज उद्या घरी सोडतील.

हे मी मिरवायला लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं तुझ्या क्वार्टरमध्ये राहून अभ्यास केला, त्याचा हिशोब कुठंतरी लागलाय एवढंच.

गुडघ्यांना शेक घेतेस का? मे महिन्यात रिटायर होईपर्यंत तरी ते टिकायला हवेत.

सृष्टी

---

उपकेंद्र हिंगणवाडी, ता. कडेगाव
बुधवार, २२ जानेवारी

सृष्टी बाळ,

तुझं पत्र सोळा तारखेलाच मिळालं. उत्तर लिवायला हात मोकळा नव्हता. फोन केला असता, पर तू 'हं' म्हणाली असतीस आणि मला लय एकटं वाटलं असतं.

आमच्या हद्दीत ओढ्याकडंला ऊसतोडीचा तळ हाय. साठेक कोप्या, पाचटाच्या. बीडकडची माणसं दिवाळीनंतर येतात, मार्चात जातात. सोळाला तिथं चारजण एकदम जुलाबानं आडवे. मी सलाईन, मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन पळाले. आमची आशाताई क्रांती माझ्याबरोबर. सतराला सकाळी त्यातली आसराबाई नावाची बाई ग्रामीण रुग्णालयात नेताना जीपमधीच गेली. चौतीस वर्षांची. तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. पुडी पाजता पाजता गेली. नवरा पुढं ड्रायव्हरजवळ बसलेला, त्याला मागं वळून सांगायचं कसं ते मला कळंना.

पटकी निघाली, तुमचा कॉलरा. ओढ्यातल्या पाइपचं पाणी पीत हुते.

आता पुढचं ऐक. तिचा नवरा रामकिसन आधी आजारी पडलेला. त्याला जीपनं कराडला नेला, तिथं बरा हून पंधराला तळावर आला. म्हंजे पटकी हाय हे कराडात कुणाला तरी आधीच ठावं हुतं. कुठल्याशा लॅबनं कळवलंबी हुतं. पर पत्ता घातला त्याच्या गावाचा, बीडचा. खबर तिकडं गेली. तिकडची बिचारी नर्स त्याच्या दारात जाऊन आली, घराला कुलूप, 'रुग्ण गावात नाही' म्हणून तिनं लिवलं. तिचं काय चुकलं? आणि आमी इकडं आंधळे.

वीस तारखेला मला कारणे दाखवा नोटीस आली. माझ्या हद्दीतला माणूस आठ तारखेला जुलाबानं दवाखान्यात, आणि माझा त्या आठवड्याचा तळाचा अहवाल शून्य. तालुक्याचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "शालनताई, माणसं ओकतायत आणि तुमचा रिपोर्ट शून्य? रिटायरमेंटचा हार आधीच घातलाय का गळ्यात?"

नोटिशीला काय उत्तर द्यावं, तू सांग. तू शिकलेली हायस.

तुझी मावशी
शालन

---

कराड
रविवार, २६ जानेवारी

शालनमावशी,

पत्र मिळालं. वाईट झालं.

नोटिशीच्या उत्तराबद्दल. उत्तर लांब लिहू नकोस. तीन गोष्टी पुरेत. एक, तळावरचे लोक पहाटेच उसाच्या फडात जातात, त्यामुळे घरभेटीत रुग्ण आढळत नाहीत. दोन, रामकिसनला परस्पर जीपने नेलं, त्याची सूचना उपकेंद्राला कुणी दिली नाही. तीन, सोळा तारखेला माहिती मिळताच तू तासाभरात उपचार सुरू केलेस. तारखा आणि वेळा घाल. विशेषणं घालू नकोस.

कराडच्या लॅबचा उल्लेख टाळावास असं मला वाटतं. पत्ता कुठल्या कागदावरून घेतला, कोणी घेतला, हे सिद्ध करायला वेळ लागतो आणि चौकशी लांबते. दुसऱ्यावर बोट ठेवलं की अधिकाऱ्यांना ती पळवाट वाटते. अशी चूक कोणत्याही लॅबमध्ये होऊ शकते. आधारकार्डावर जो पत्ता असतो तोच सगळे भरतात.

मसुदा सोबत जोडला आहे. तुझ्या अक्षरात उतरवून दे.

तळाच्या पाण्यात क्लोरीन किती येतं ते रोज तपासता का? ०.५च्या खाली जाऊ देऊ नका.

आज एवढंच. कामाचा ताण आहे.

सृष्टी

---

हिंगणवाडी
शुक्रवार, ३१ जानेवारी

सृष्टी,

तुझा मसुदा उतरवून दिला. अक्षर माझं, बोलणं तुझं. क्रांतीनं वाचला आणि म्हणाली, "आवं मावशी, ह्यो कागद माणसानं लिवलाय का मशीननं? तुमी मेलात तरी ह्यात एक थेंब पाणी येणार न्हाई डोळ्यांतनं." मी म्हणलं, गप गं, माझी भाची लय हुशार हाय.

साहेबांनी कागद बाजूला ठिवला. बारा तारखेला सुनावणी हाय. सांगलीहून जिल्ह्याचे अधिकारीबी येणार. तिथं ठरायचं, नोंद माझ्या सेवापुस्तकात जायची का न्हाई. एकतीस वर्षांत त्या पुस्तकात एक लाल शाई न्हाई, बाळ. तुला ठावं हाय, मी ते पुस्तक कसं जपते. गावातबी कुजबूज चालू झालीय. दळपाच्या गिरणीत बनुबाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "नर्सबाईंचा पाय आता कोपीत कशाला पडतोय, खुर्चीच गरम झालीय." पूर्वी हीच बाई माझ्या हातनं तीन येळा बाळंत झालीय.

रामकिसन आज परत आला. गावाकडं बायकोचा चौदावा उरकून आला. हंगाम संपायचाय म्हणाला. एक पोरगी हाय नऊ वर्षांची, ती आसराबाईच्या आईजवळ ठिवलीय. तुला एक सांगू? ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच ती माणसं 'एक कोयता' म्हणतात. त्याला सकाळी कुणीतरी विचारलं, "काय रं, आता तू अर्धा कोयता व्हय?" हसायला म्हणून विचारलं. तोबी हसला. मी बघितलं.

आसराबाई आठ तारखेपासनं एकटीच तोडत हुती. नवरा कराडला, ही फडात. पाणी त्याच पाइपचं. आठ दिवस.

तुझ्या पत्रात तू बरी हायस का, ते कुठंच लिवलं न्हाईस.

शालनमावशी

---

कराड
मंगळवार, ४ फेब्रुवारी

शालनमावशी,

ती लॅब आमची आहे. ती नोंद माझी आहे.

तुझं बावीस तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला ते कळलं. तरीही सव्वीसला मी तुला तो मसुदा पाठवला, आणि लॅबचा उल्लेख टाळ असं लिहिलं. ते तुझ्या भल्यासाठी लिहिलं नव्हतं.

दहा तारखेला काय झालं ते क्रमाने लिहिते.

पोर्टलवर रुग्णाचा पत्ता भरताना राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं एकेक यादीतून निवडावं लागतं. ज्या गावाची नोंद, त्या गावाच्या आरोग्य खात्याला खबर जाते. माझ्यासमोर दोन कागद होते. एक आधारकार्डाची झेरॉक्स, त्यावर बीडचा पत्ता. दुसरी डॉक्टरांची चिठ्ठी. त्यावर पेनाने लिहिलं होतं: 'सध्या ऊसतोड तळ, हिंगणवाडीजवळ, कडेगाव.'

ती चिठ्ठी मी वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणता आलं असतं, पण वाचली होती. हिंगणवाडी हे नाव वाचून मला तुझी आठवणसुद्धा आली होती.

कडेगाव तालुका निवडला, तेव्हा यादीत हिंगणवाडी सापडेना. वेगळ्या स्पेलिंगने असावी; नंतर पाहिली, आहे. तळाला घरक्रमांक नाही, वस्तीचं नाव नाही. दोनदा रकाना लाल झाला. तुला एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात सुटलं असतं. पण घड्याळात पस्तीस मिनिटं झाली होती आणि मला पाऊण तासाच्या आत नोंद करायची होती. आधारकार्डावर सगळे रकाने भरण्याइतका मजकूर होता. तो भरला. हिरवी खूण आली. मी पाणी प्यायले.

त्या पाऊण तासाबद्दल मी तुला संक्रांतीला लिहिलं. ते पत्र तुला ज्या दिवशी मिळालं, त्याच दिवशी तळावर चारजण आडवे होते.

दहा ते सोळा, सहा दिवस. खबर तुमच्याकडे आली असती तर दहालाच पाइप बंद झाला असता. आसराबाईला जंतुसंसर्ग नेमका कधी झाला हे सांगता येत नाही. आजार दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत लागतात. म्हणजे दहानंतर झाला असण्याची शक्यता जास्त आहे. ही आकडेमोड मी रोज करते आणि उत्तर बदलत नाही.

काल लेखी जबाब तयार करून धवल सरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

"एंट्री कागदपत्रांनुसार आहे," ते म्हणाले. "आधार म्हणजे पुरावा. कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही."

"न विचारता उत्तर देणाऱ्याला लोक गुन्हेगार समजतात, मॅडम. आणि सोबत लॅबलाही."

मी म्हटलं, "चिठ्ठी फाइलमध्ये आहे, सर. त्यावर माझी 'पाहिले'ची सही आहे."

त्यांनी फाइल उघडून सही पाहिली. मग म्हणाले, "पाठवा. पण दवाखान्याच्या लेटरहेडवर नको."

साध्या कागदावर पाठवला. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या, दोन्ही रोगसर्वेक्षण अधिकाऱ्यांना, ईमेलनेही आणि पोस्टानेही. प्रत सोबत आहे. बारा तारखेच्या सुनावणीत ती समोर ठेव. नोटीस माझ्यामुळे आली, ती मागे घ्यायला हवी.

माझ्यावर काय होईल ते माहीत नाही. ते तू विचारू नकोस.

सृष्टी

---

हिंगणवाडी
गुरुवार, १३ फेब्रुवारी

सृष्टी,

मला ठावं हुतं.

संक्रांतीच्या पत्रात तूच लिवलं हुतंस. बीडचा माणूस, अडतीस वर्षं, आठ तारखेला आणलेला. आमच्या तळावरनं जीप आठलाच गेली. सतराला आसराबाई गेली, आणि त्या दिवशी संध्याकाळी तुझं पत्र परत काढून वाचलं. जोडायला काय लागतंय? बावीसला मी 'कुठल्याशा लॅबनं' असं मुद्दाम लिवलं. म्हणलं, बघू, पोरगी आपणहून सांगती का.

तुझा मसुदा आला तवा मला लय राग आला. चुकीचा न्हाई. चूक माणसाकडनं हुती. पर माझ्याच अक्षरात मला गप बसवलंस, त्याचा. तरी मी तो उतरवून दिला. का दिला, ते ऐक. त्यातलं पहिलं वाक्य मला फायद्याचं हुतं, म्हणून.

'घरभेटीत रुग्ण आढळत नाहीत.' मी घरभेट दिलीच नव्हती. डिसेंबरपासनं एकदाबी न्हाई. गुडघा म्हण, थंडी म्हण. माणसं चारलाच फडात जातात, तळावर नुसती कुत्री आणि तान्ही लेकरं. मी दर मंगळवारी टोळीच्या मुकादमाला फोन करायची. "काय, सगळी बरी हायत का?" "झकास हाय मॅडम." की मी शून्य टाकायची आणि खाली 'भेट दिली' लिवायची. सातला मंगळवार हुता. त्यादिवशीबी 'झकास' म्हणाला. रामकिसन तवा कोपीत ओकत हुता. मुकादमाला तोड थांबायला नको हुती, मला चालायला नको हुतं.

काल सुनावणीत सांगलीच्या मॅडमनी तुझा कागद वाचून दाखवला. सगळं खोलीतलं वारं बदललं. तालुक्याचे साहेब मला म्हणाले, "ताई, मग तुमचा विषय मिटला की. लॅबनं कबूल केलंय." चहा मागवला. मघाशी मला खुर्चीबी दिली नव्हती.

माझ्या हातात चहा आला, बाळ. आणि तो मी घेतलाबी. दोन घोट प्याले. मग म्हणलं, "साहेब, खबर माझ्याकडं आली असती तर मी काय केलं असतं, ते विचारा."

"काय केलं असतं?"

"मुकादमाला फोन केला असता."

मी पुढचं सगळं सांगितलं. मॅडमनी लिवून घेतलं. नोंद सेवापुस्तकात जाणार.

तू लिवलंस, दहालाच पाइप बंद झाला असता. मला छातीवर हात ठिवून तसं म्हणता येत न्हाई. तुला तुझे सहा दिवस ठावं हायत. माझे किती, मला मोजता येत न्हाईत. तुझ्या कागदानं माझं धुऊन निघत न्हाई आणि माझ्यानं तुझं न्हाई.

आता मी पहाटे साडेतीनला तळावर जाते, माणसं फडात जायच्या आधी. क्रांती बॅटरी धरते आणि शिव्या देते.

तेवीसला रविवार हाय. तू ये. रामकिसनला त्या पत्त्याचं कुणी काय सांगितलेलं न्हाई. त्याला वाटतंय बायको नशिबानं गेली. माझं मी त्याला सांगितलं. तुझं मी सांगणार न्हाई.

मावशी

---

कराड
सोमवार, २४ फेब्रुवारी

शालनमावशी,

काल तू आणि क्रांती तळाच्या पाण्याच्या टाकीकडे क्लोरीन बघायला गेलात, तेवढ्यात मी त्याच्याशी बोलले. परत आल्यावर तू विचारलंस, "सांगितलंस?" आणि मी "हं" म्हणाले. एसटीत बसेपर्यंत मला त्याहून जास्त बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

तो कोपीच्या दाराशी कोयत्याला धार लावत होता. मी माझं नाव सांगितलं, कराडच्या लॅबमध्ये असते म्हणाले. तो उठून उभा राहिला. मला दवाखान्यातली मॅडम समजून त्याने हात जोडले. "तुमच्यामुळं वाचलो, मॅडम." मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं.

मी ठरवून गेले होते तशी सुरुवात केली. आजार कळला की सरकारला कळवावं लागतं, आणि ज्या गावाचा पत्ता घालू तिथं खबर जाते. तुमची खबर मी बीडला पाठवली, ती इथं यायला हवी होती. इथं आली असती तर पाणी लवकर बंद झालं असतं.

त्याने ऐकून घेतलं. मग माझी समजूत काढावी तसं म्हणाला, "त्यात तुमचं काय, मॅडम? आधार मीच दिलं की. दवाखान्यात कुठला म्हणून इचारलं, तवा गावच सांगितलं मी. माणसाचा पत्ता म्हंजी गाव. कोपीला कुठं पत्ता असतोय?"

मावशी, तिथं थांबता आलं असतं. त्याने मला सरळ वाट करून दिली होती, आणि तीही खोटी नव्हती. त्याने खरंच गावच सांगितलं असेल. टाकीकडून तुझा आवाज येत होता. मी उभी राहून, किती सेकंद ते माहीत नाही, त्या वाटेकडे पाहत होते.

मग मी म्हणाले, "डॉक्टरांनी चिठ्ठीवर या तळाचं नाव लिहिलं होतं. ती चिठ्ठी माझ्या हातात होती."

"दिसली नसंल," तो म्हणाला.

"दिसली. वाचली होती."

"वाचली व्हती?"

"हो."

त्याने कोयता खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्याने माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. हलक्या आवाजात त्याने विचारलं, "मंग?"

यादी, लाल रकाना, पाऊण तास, हे सगळं मला पाठ आहे. दोन अधिकाऱ्यांना मी ते मुद्देसूद लिहून दिलं आहे. त्याच्यासमोर त्यातला एक शब्दही तोंडातून निघाला नाही.

तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मग फडाकडून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने कोयता उचलला आणि गेला. मी तुम्ही येईपर्यंत तिथंच उभी होते.

सृष्टी